सकाळचा पाइप वेगळा, रात्रीचा वेगळा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. ब्रायर लाकडाचे दोन पाइप, तंबाखूचे पाच डबे, आणि तरीही दुपारपर्यंत सगळं एकसारखंच लागतं, वर जीभ पोळते ती वेगळीच. डबे बदलून पाहिलेस, फरक पडला नाही. पडणारही नाही. खोट तंबाखूत नाही, तुझ्या दिवसाला क्रम नाही. सकाळी हाताला लागेल तो डबा उघडायचा आणि संध्याकाळपर्यंत तोच पाइप पुन्हा पुन्हा भरायचा, असं चाललं तर उत्तमातली उत्तम तंबाखूसुद्धा तोंडात नुसती गरम वाफ होऊन बसते.

क्रमाबद्दल लिहितोच, पण त्याआधी एक गोष्ट सरळ सांगतो. तू सुरुवात केली नसतीस तर हे पत्र मी लिहिलंच नसतं. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत, तोंडात फिरवून सोडतात, म्हणून त्याने काही होत नाही, असं तुला कोणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढून टाक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूचा धूर कर्करोगकारक ठरवला आहे आणि त्यात पाइपला सूट नाही. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, फुप्फुसं, सगळ्यांना धोका आहे. ९ मिलिमीटरचा कोळशाचा फिल्टर लावलास तरी तो धोका टळत नाही. हे पुरतं ठाऊक असूनही ओढणार असशील, तर थोडं ओढ आणि नीट ओढ. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

दिवसभरात जिभेची जाण बदलत जाते. सकाळी ती स्वच्छ असते, बारीकसारीक चव टिपते. पण सकाळी पोट हलकं असतं आणि आपण घाईत असतो, हेही विसरायचं नाही. म्हणून बरेच जण सांगतात तसं ‘सकाळी हलकी व्हर्जिनिया’ मी सांगणार नाही. व्हर्जिनियाची पानं बंदिस्त कोठारात नळांच्या उष्णतेने वाळवतात. त्या उष्णतेने पानातली साखर पानातच राहते. तिचा गोडवा, वाळल्या गवताचा किंवा लिंबाच्या सालीसारखा वास, हे सगळं त्या साखरेचं देणं. पण हीच तंबाखू घाईने ओढली की जिभेला सगळ्यात जास्त चावते. घाईच्या वेळी तिच्या वाटेला जाऊ नये.

सकाळसाठी बर्ली. तीही पोटात काही गेल्यावर, उपाशी पोटी कधीच नाही. बर्लीची पानं हवेशीर कोठारात आठवडेच्या आठवडे टांगून वाळवतात, तेवढ्यात साखर जवळजवळ संपून जाते. राहते ती सुकामेव्यासारखी, थोडी कोकोसारखी कोरडी चव. बर्ली समजूतदार असते. मध्येच विझली तर विझली, पुन्हा पेटवली तरी कडवटपणा फार येत नाही. कॉफीबरोबर ती जितकी जुळते तितकं दुसरं काही जुळत नाही. फक्त एक लक्षात ठेव, चवीला साधी असली तरी बर्लीत निकोटीन बऱ्यापैकी असतं. शिवाय व्हर्जिनियाचा धूर आम्लधर्मी असतो आणि बर्लीचा त्या मानाने कमी आम्ल. धूर जितका अल्कलीकडे झुकतो तितकं निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून लवकर शोषलं जातं. उचकी लागली, कपाळावर गार घाम आला, मळमळलं, तर पाइप तिथेच खाली ठेव. ‘एवढा संपवतो’ म्हणू नकोस.

या सकाळच्या बर्लीसाठी एक मक्याच्या कणसाचा पाइप घे. दिसायला साधा, किमतीला सगळ्यात स्वस्त, म्हणून लोक त्याला कमी लेखतात. मला ते मुळीच पटत नाही. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात वॉशिंग्टन नावाच्या गावी हेन्री टिबी या लाकूड कातणाऱ्या कारागिराने १८६९ मध्ये हे पाइप करायला घेतले आणि पुढे कणसाच्या बाहेरच्या खड्ड्यांत प्लॅस्टर भरून ते गुळगुळीत करण्याची युक्ती काढली. त्या गावात ते आजही बनतात. कणीस ओल शोषून घेतं, थंड जळतं, आणि नव्या ब्रायरसारखं त्याला हळूहळू तयार करावं लागत नाही. छोटं बाऊल, म्हणजे तंबाखू भरायची वाटी, निवड, अर्ध्या तासात संपणारं.

दुपार व्हर्जिनियाची. पण तीन-चार तास मध्ये जाऊ दे. शरीरातलं निकोटीन निम्म्यावर यायला साधारण दोन तास लागतात. त्याच्या आत दुसरा पाइप पेटवलास तर चव तुला कळणारच नाही, नुसता नशेवर नशेचा थर चढेल. दुपारी ज्या दिवशी पाऊण तास खरोखर मोकळा असेल त्याच दिवशी व्हर्जिनियाचा फ्लेक काढ. नसेल तर त्या दिवशी दुपार कोरडी जाऊ दे, काही बिघडत नाही.

फ्लेक म्हणजे दाबून वडी केलेल्या पानांचे पातळ काप. डब्यातून काढल्या काढल्या ते बहुतेक वेळा फार ओले असतात, आणि तुझी जीभ पोळण्याचं निम्मं कारण मला इथेच दिसतं. जीभ पोळते ती मुख्यतः वाफेने. काप कागदावर मोकळे करून ठेव, अर्धा तास, तास, दमट हवेत त्याहूनही जास्त. बोटांच्या चिमटीत दाबून सोडलं की तंबाखू गोळा न होता सावकाश उलगडली पाहिजे. कुरकुरली तर जास्त वाळली. मग हाताने चुरून भर. खाली सैल, मध्ये जरा घट्ट, वर त्याहून घट्ट. भरल्यावर न पेटवता एक झुरका घेऊन पाहा. हवा सहज आली पाहिजे. जोर लावावा लागत असेल तर सगळं काढून पुन्हा भर, तसंच रेटू नकोस. पहिल्यांदा पेटवलंस की वरचा थर फुगून उठेल; टॅम्परने, म्हणजे तंबाखू दाबायच्या दांड्याने, हलकेच बसव आणि दुसऱ्यांदा पेटव. खरी सुरुवात या दुसऱ्या काडीपासून.

आणि त्यानंतर सावकाश. पाइप विझेल की काय या भीतीने माणूस भराभर ओढतो, बाऊल तापतं, आणि व्हर्जिनियाचा सगळा गोडवा जळून जातो. विझू दे. बाऊल गालाला लावून पाहा. लावून ठेवता येत नसेल तर पाइप खाली ठेव आणि निवू दे. विझायच्या बेतात असताना, धूर दिसतो न दिसतो अशा वेळी व्हर्जिनिया सगळ्यात सुंदर लागते. हे सांगून समजण्यासारखं नाही, पण एकदा लागलं की तू घाई करणार नाहीस.

त्याच व्हर्जिनियात थोडी पेरीक मिसळलेली मिश्रणं संध्याकाळी काढ. पेरीक फक्त लुइझियानातल्या सेंट जेम्स परगण्याची. पानं लाकडी पिंपांत दाबून, स्वतःच्याच रसात, वर्षभर मुरवतात. मधूनमधून पिंप उघडून उलथापालथ करतात आणि पुन्हा दाबतात. त्यातून मनुका आणि अंजिराचा आंबूस गोडपणा येतो, मिरीसारखा झणका येतो. मिश्रणात ती चिमूटभरच असते आणि तेवढीच पुरे. ती ओढताना थोडा धूर नाकातून सोडून पाहा, पण अगदी थोडा.

रात्र लटाकियाची. लटाकिया हे सीरियातल्या बंदराचं नाव. आज मिळते ती बहुतेक सायप्रसची. उन्हात वाळवलेली पानं सुगंधी झाडाझुडपांच्या धुरात बरेच दिवस टांगून ठेवतात, पानं काळी पडतात आणि विझलेल्या शेकोटीसारखा, चामड्यासारखा वास धरतात. तू डबा उघडून दचकलास असं लिहितोस. सगळेच दचकतात. पण वास आणि जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लटाकियात निकोटीन कमीच असतं, म्हणून ती रात्रीला सोसते. याउलट लाकडाच्या धुरावर वाळवलेली काळी केंटकी किंवा दोरासारखी वळलेली तंबाखू रात्री ओढलीस तर झोपेचं मातेरं होईल.

लटाकिया शेवटी ठेवायचं खरं कारण मात्र जिभेचं आहे. तिच्यानंतर तासन्‌तास दुसरं काही लागत नाही. तू सकाळी लटाकिया आणि दुपारी व्हर्जिनिया ओढतोस, मग व्हर्जिनिया फिकी लागणार नाही तर काय होईल? मैफलीत भैरवी शेवटी गातात, तिच्यावर दुसरा राग मांडत नाहीत. तेवढा एक नियम पाळलास तरी तुझे पाच डबे तुला पाच वेगळ्या चवी देऊ लागतील.

आता तुझे दोन ब्रायर. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, खडकाळ जमिनीत वाढणाऱ्या एका झुडपाच्या बुंध्याशी, मुळांच्या वर धरणारी गाठ. ती तासन्‌तास उकळून तिच्यातला चीक काढतात, मग महिनोन्‌महिने वाळवतात. फ्रान्समधल्या सेंट क्लोदला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या लाकडाचे पाइप व्हायला लागले, आणि मातीचे पाइप हळूहळू मागे पडले. ब्रायर उष्णता सोसतो, पण ओल धरतो आणि वासही धरतो. म्हणून ओढून झाल्यावर त्याला किमान एक दिवस विश्रांती दे. क्लीनर, म्हणजे पाइप पुसायची मऊ तार, नळीतून आत घालून पुसून काढ. पाइप गरम असताना स्टेम, म्हणजे तोंडात धरायची नळी, ओढून काढू नकोस, सांधा सैल होतो, कधी तडकतोही.

वास मिसळू नयेत म्हणून कुठल्या पाइपात कुठली तंबाखू ते ठरवून टाक. बारीक, खोल बाऊलचा तुझा सरळ पाइप व्हर्जिनिया आणि पेरीकसाठी. रुंद बाऊलचा वाकडा फक्त लटाकियासाठी. लटाकियाच्या डब्यात अनेक पानांचं मिश्रण असतं आणि रुंद तोंडात ती सगळी एकदम जळून मेळ साधतात. लटाकिया एकदा ज्या पाइपात शिरली त्यातून ती सहजी निघत नाही. डब्यांपैकी जी सुगंधी कॅव्हेंडिश आहे, व्हॅनिलाच्या वासाची, तिचंही तसंच. ती कणसाच्या दुसऱ्या पाइपात ओढ. तुला ती आवडते हे लिहिताना संकोच करू नकोस. खोलीतल्या इतरांना त्या वासाचं कौतुक वाटतं खरं, पण धूर तो धूरच. कोणतीही तंबाखू ओढायची ती उघड्यावर, आणि मुलांच्या आसपास कधीच नाही.

पुढे कधी जमलं तर एक मीरशॉम घे. तुर्कस्तानातल्या एस्कीशेहिरजवळ जमिनीखालून काढलेल्या पांढऱ्या, हलक्या, सच्छिद्र खनिजाचा तो असतो. वापरून वापरून मधासारखा पिवळा आणि मग तांबूस होत जातो. जुना वास तो फारसा धरत नाही, म्हणून नवी तंबाखू पारखायला त्याच्यासारखा पाइप नाही. मात्र ब्रायरच्या आत कोळशाचा पातळ थर, मिलिमीटरभर, मुद्दाम जमू देतात. मीरशॉममध्ये तो जमू द्यायचा नाही, दर वेळी पुसून काढायचा. आणि पाडलास तर गेला.

सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे चार पाइप मी सांगितले म्हणून रोज चारही ओढायचे असा अर्थ काढू नकोस. एका दिवसात दोन पुष्कळ झाले. आज सकाळ आणि रात्र, परवा फक्त दुपार, मधला दिवस रिकामा. रिकाम्या दिवशी चिडचिड झाली, हात सारखा खिशाकडे गेला, तर तो चवीचा शौक राहिलेला नाही, शरीराची मागणी झाली आहे. तसं दिसलं तर डॉक्टरांना भेट आणि सोडायचा विचार कर. त्यात मला तुझा अभिमानच वाटेल.

पुढचे आठवडाभर लटाकियाला हात लावू नकोस. व्हर्जिनियाचे दोन काप कागदावर वाळव, सरळ पाइप नीट पुसून घे, आणि मोकळ्या दुपारी एकटा बसून ओढ. अर्ध्या बाऊलनंतर चव कशी बदलली आणि किती वेळा विझला, ते मला लिहून पाठव. फ्लेक कुठला आहे तेही कळव. फार ताजा असेल तर उरलेला काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत घालून वर्ष-दोन वर्षं मुरायला ठेवता येईल.

तुझा,
काका