दुसरी ऑफर किती आहे, असं रिक्रूटरनं विचारलं तर

ताई, तुमचा प्रश्न वाचला. नागपूरला मिहानमधल्या एका कंपनीचं 6.5 लाखांचं ऑफर लेटर हातात आहे, पुण्याच्या कंपनीच्या मुलाखती आटोपल्या आहेत, आणि आता तिथली एचआर विचारते आहे की दुसरी ऑफर कुणाची, किती, लेटर पाठवता का. मामा म्हणतात, दुसरी ऑफर 8 लाखांची आहे असं सांगून मोकळी हो.

8 सांगू नका. मी भरतीच्याच कामात आहे, मूळचा आर्वीकडचा. आपल्या भागातली हुशार पोरं-पोरी या एका प्रश्नाला बिचकून हक्काचे पैसे सोडून येतात, हे बघून जीव तुटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

विचारणाऱ्या एचआरला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. एक, तुम्ही खरंच रुजू होणार का. नोटीस पिरियड 60-90 दिवसांचा असला की तेवढ्यात उमेदवार तिसरीकडेच जातो आणि रिकाम्या जागेचा जाब तिला द्यावा लागतो. ही काळजी रास्त आहे. दुसरी गोष्ट, कमीत कमी कितीवर तुम्ही याल. खेडा खरेदीला, म्हणजे गावात येऊन माल घ्यायला, आलेला व्यापारी काटा लावायच्या आधी विचारतो ना, ‘मागच्यानं काय भाव सांगितला?’ तुम्ही क्विंटलला 7 हजार म्हणालात की तो 7 हजार 50 म्हणतो. त्याची किती द्यायची तयारी होती, ते मग कधीच कळत नाही.

म्हणून पहिल्या गोष्टीचं उत्तर मोकळेपणानं द्या, दुसरीचं लगेच देऊ नका. असं म्हणता येईल: ‘हो, एक लेखी ऑफर आहे, तिला अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे. तुमचं काम मला जास्त आवडलं आहे. या जागेसाठी तुमची पगाराची रेंज किती आहे?’ आणि मग गप्प राहा. समोरून चार सेकंद आवाज आला नाही तरी आपण बोलायचं नाही. आपली पोरं नेमकी तिथेच घाबरून ‘थोडं कमी असलं तरी चालेल’ म्हणून टाकतात.

कंपनीचं नाव सांगायची गरज नाही. ‘नाव सांगणं मला योग्य वाटत नाही’ एवढं पुरे. लेटरमध्ये गोपनीयतेची अट आहे का, तेही वाचून घ्या. असेल तर लेटर पाठवायचा प्रश्नच उरत नाही.

आकडा सांगायची वेळ आलीच तर आधी तो नीट मांडून बघा. 6.5 लाख सीटीसी (कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च) म्हणजे महिन्याला 54 हजार हातात, असं नसतं. समजा त्यात 65 हजार व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेले, आहेत; ते दर महिन्याला हातात येत नाहीत. कंपनीचा पीएफचा वाटा महिन्याला 1,800 धरला तर वर्षाचे 21,600 गेले. बेसिक (मूळ पगार) सीटीसीच्या निम्मं असेल तर त्याच्या 4.81 टक्क्यांनी ग्रॅच्युइटीचे साडेपंधरा हजार. उरलेल्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 कापला की हातात साडेत्रेचाळीस हजारांच्या आसपास येतात. पुण्याच्या ऑफरचाही असाच हिशोब लावा, त्यातून तिथलं खोलीभाडं आणि मेस वजा करा. गावाहून नागपूर गाठणं आणि पुणे गाठणं यातला फरकही खर्चात धरा. मगच ‘फिक्स्ड (व्हेरिएबल सोडून पक्का पगार) इतकं मिळालं तर मी येईन’ म्हणा, आणि तो आकडा खरंच मान्य असेल तरच म्हणा.

मामांच्या 8 चं काय होतं ते सांगतो. एचआर म्हणते, ‘छान, लेटर पाठवा.’ आकडा खोडून बदललेलं लेटर पाठवलं तर ते पुढच्या पडताळणीत उघडं पडू शकतं आणि हातातली ऑफर रद्द होऊ शकते. न पाठवता टाळाटाळ केली तर तुमच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो. जास्त पैसे मागायला खोट्या ऑफरची गरजच नाही. ‘माझं काम आणि अनुभव बघता मला 8 अपेक्षित आहेत’ हे वाक्य पूर्ण खरं आहे, ते ठणकावून म्हणा.

फोन कंपनीचा नसून तिच्यासाठी माणसं शोधणाऱ्या कन्सल्टन्सीचा असेल तर जरा सावध. त्यांची फी बहुधा तुम्ही रुजू झाल्यावर कंपनीकडून मिळते, त्यामुळे तुम्हाला मिळू शकणाऱ्या जास्तीच्या 50 हजारांपेक्षा तुमचा झटपट होकार त्यांना मोलाचा.

शेवटचं, फोनवर हो म्हणू नका. गावात रेंज कधी असते, कधी नसते, अर्धं वाक्य कापलं जातं. ‘कृपया ईमेलवर पगाराचा ब्रेक-अप पाठवा, उद्या संध्याकाळपर्यंत कळवते’ असं सांगा. नवं लेटर, त्यातली फिक्स्ड रक्कम आणि रुजू व्हायची तारीख डोळ्यांनी बघितल्याशिवाय नागपूरला नकार कळवू नका आणि आत्ताच्या नोकरीचा राजीनामाही टाकू नका.