पेढा की बर्फी

“गंमतच होती की मॅडम. तिला एवढं लागायचं काय कारण?”

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी निम्मी भांडणं या वाक्याने सुरू होतात. जावाजावांची, नणंद-भावजयीची, मित्रांची. एकाने गंमत केलेली असते आणि दुसऱ्याने अबोला धरलेला असतो. गेल्या हिवाळ्यात हेच वाक्य घेऊन एक बाई केजहून एसटीने अंबाजोगाईला माझ्या खोलीवर आली. तिची हरकत नाही म्हणून हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय तिशीच्या आतबाहेर, डी.एड. झालेली, नोकरी नाही, दोन लेकरं. लेकरांच्या बालवाडीतल्या आयांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ती चालवते. ९२ जणी आहेत. सगळ्या तिला अ‍ॅडमिनच म्हणतात, मीही इथं तेच म्हणते.

“कुणी काय बोलतच नव्हतं मॅडम. सकाळी गुलाबाचं फूल, रात्री गुलाबाचं फूल. मधी कुणाची तरी साड्यांची जाहिरात. लेकरू जेवत नाही, रात्री झोपत नाही, हे सगळ्यांच्याच घरी चालू असतंय, पण ग्रुपवर लिहायची लाज वाटायची. म्हणून मी गुरुवारी खेळ सुरू केला. ओळखा पाहू.”

आधीचे खेळ खरंच छान होते. एकदा तिने स्वयंपाकघरातला आवाज पाठवला, बायकांनी मिक्सरपासून विहिरीच्या मोटारीपर्यंत सगळं लिहिलं. निघाला तो परातीत भाकरी थापायचा. एकदा अगदी जवळून काढलेला फोटो होता, भोकाभोकांचा. कुणी गाळणी म्हटलं, कुणी झारा. ते पुरणयंत्राच्या चाळणीचं बूड होतं. चार महिन्यांत ग्रुप जिवंत झाला. उत्तराच्या मागोमाग गप्पा यायच्या, गप्पांतून अडचणी. एकीने पहिल्यांदा लिहिलं, की लेकराला मारते आणि मग रात्रभर रडते. त्यावर तिघी म्हणाल्या, मीपण. ग्रुपवर असं काही लिहिलं जाणं म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या बाईला सांगायला नको.

मग तो गुरुवार आला. ग्रुपमधल्या एकीला चौथा महिना लागला होता. आधीच्या दोन मुली. तिने सहज लिहिलं होतं, सारखी कच्ची चिंच खावीशी वाटायली. अ‍ॅडमिनला आयती कल्पना सुचली. डोहाळजेवणात दोन झाकलेल्या वाट्या ठेवतात ना, एकीत पेढा, एकीत बर्फी, गरोदर बाईने एक उघडायची, पेढा निघाला तर मुलगा आणि बर्फी निघाली तर मुलगी, तेच तिने ग्रुपवर मांडलं. ओळखा पाहू, पेढा की बर्फी? खाली मतदान.

तासाभरात ४७ मतं पडली. एवढी आधी कोणत्याच खेळाला पडली नव्हती. पेढा ४१, बर्फी ६. त्या बाईने दोन हसरे चेहरे टाकले, ‘तुमच्या तोंडात साखर पडो’ असं लिहिलं आणि रात्री साडेअकराला ग्रुप सोडला. फोन केला तर उचलेना. गावात बोलणं सुरू झालं, की अ‍ॅडमिनने तिची चेष्टा केली.

“माझं मत बर्फीला होतं मॅडम,” अ‍ॅडमिन म्हणाली. “खरंच सांगायले.”

मी तिला चूक-बरोबर काही सांगितलं नाही. टेबलाच्या खणातलं रुपयाचं नाणं काढून तिच्या हातात दिलं आणि दहा वेळा उडवायला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली, बहुतेक वाटलं असेल की हिलाच समुपदेशनाची गरज आहे. पण उडवलं. चार छापे, सहा काटे.

“यात ४१ आणि ६ कधी येईल?”

“नाही येणार.”

“तुझ्या ४७ बायका खरंच ओळखत असत्या तर मतं निम्म्याच्या आसपास पडली असती. कारण पोटात काय आहे हे बाहेरून कुणालाच कळत नाही. आंबट खावंसं वाटलं, पोट टोकदार दिसलं, तोंडावर वांग आले, उजवा पाय आधी उचलला, कशावरूनच नाही. बाईच्या बीजात नेहमी एक्स गुणसूत्र असतं, पुरुषाच्या बीजात एक्स नाहीतर वाय. पुरुषाचं एक्स पोचलं तर मुलगी, वाय पोचलं तर मुलगा, आणि ते पहिल्याच दिवशी ठरून जातं. आधीच्या दोन मुली असोत की चार, पुढच्या वेळी नाणं पुन्हा नव्यानेच उडतं.”

पोट बघून सांगणाऱ्या आजीबाई प्रत्येक गावात असतात आणि त्यांचं निम्म्या वेळा खरं निघतं. नाण्याचंही निघतं. खरं निघालेलं गाव दहा वर्षं सांगत राहतं, चुकलेलं बारशाच्या घुगऱ्यांबरोबर संपतं. पण अ‍ॅडमिनचं लक्ष तिकडे नव्हतं. ती बोटाने टेबलावर ४१ लिहीत होती.

“म्हणजे त्या ओळखत नव्हत्या,” ती म्हणाली. “मागायल्या होत्या.”

मला हे इतक्या नेमक्या शब्दांत सांगता आलं नसतं. भाकरीचा आवाज ओळखायला लावला तेव्हा उत्तर होतं, ते तिच्याजवळ होतं, आणि चुकणाऱ्या बाईवर सगळे हसले तरी तिचं काही जात नव्हतं. पेढा-बर्फीचं उत्तर कुणाजवळच नव्हतं. जिच्या पोटाचा तो खेळ होता तिच्याजवळही नव्हतं. अशा वेळी माणसं अंदाज सांगत नाहीत, इच्छा सांगतात, आणि ४१ इच्छा एका बाईच्या पोटावर येऊन बसतात. मुंबई-पुण्यात किंवा परदेशात हा खेळ फुगे फोडून खेळत असतील. हा बीड जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेत इथं सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात ८९४. आपल्याकडे बर्फी ही नुसती बर्फी राहिलेली नाही.

“मग ग्रुपवर माफी मागते,” ती उठायलाच लागली.

इथं मला माझी जुनी चूक आठवली. काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रकरणात मी एका माणसाला सगळ्यांसमोर माफी मागायला सांगितलं होतं. त्याने मागितली, टाळ्याही पडल्या. ज्याची मागितली तो मात्र दुसऱ्यांदा उघडा पडला, कारण ज्यांना काही ठाऊक नव्हतं त्यांनाही त्या दिवशी कळलं. म्हणून म्हटलं, ग्रुपवर एक अक्षर लिहू नकोस. ते मतदान पुसून टाक आणि तिच्या घरी जा. आणि “मला तसं म्हणायचं नव्हतं” एवढं एक वाक्य बोलू नकोस. त्या वाक्यानंतर समोरच्या माणसालाच आपली समजूत काढावी लागते.

ती गेली. हुरड्याचे दिवस होते, पिशवीभर हुरडा घेऊन गेली. आठवड्याने परत आली तेव्हा ती एकटी नव्हती, ती दुसरी सोबत होती.

मतांचा आकडा घरभर फिरला होता. सासूबाईंना वाचता येत नाही. नातीने, आठ वर्षांच्या थोरलीने, मोबाइल वाचून दाखवला. सासूबाई खूश झाल्या. नात थोडा वेळ गप्प राहिली आणि भाकरी खाताना आईला म्हणाली, “बर्फी म्हणजे माझ्यासारखी ना? मग सहाच जणींना का हवीय?”

“मी तिला गप खा म्हणाले,” ती बाई म्हणाली. “दुसरं काय म्हणणार होते?”

आणि मग ती खरी गोष्ट बाहेर आली, जिच्यासाठी तिने रात्री साडेअकराला ग्रुप सोडला होता. सासूबाई म्हणू लागल्या होत्या, एवढ्या बायका म्हणतात तर पोरगाच असेल, पण एकदा बघून येऊ, म्हणजे जिवाला घोर नको. नवरा हो-नाही काहीच म्हणत नव्हता. कुणाच्या तरी ओळखीचा, ‘बघणारा’ माणूस सापडलाही होता. खेळातलं मत घरात पुरावा होऊन बसलं होतं.

त्या दिवशी मी समुपदेशनातलं ‘तुला काय वाटतं’ बाजूला ठेवलं आणि सरळ कायदा सांगितला. गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा १९९४ चा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. करणारा डॉक्टर तर सापडतोच, पण तपासायला नेणाऱ्यालाही पहिल्या गुन्ह्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि बायकांना सहसा कुणी न सांगितलेली गोष्ट अशी की, उलट सिद्ध होईपर्यंत बाईवर घरच्यांनी जबरदस्ती केली असंच हा कायदा धरून चालतो. तिने हे दोनदा म्हणून घेतलं. मग विचारलं, “हे त्यांना तुम्ही सांगाल का? मी सांगितलं तर मी मोठी झाल्यासारखं होतंय.”

नवरा आला. सासूबाई आल्या नाहीत. नवऱ्याला मी तेच नाणं दिलं. एक्स-वायचं ऐकल्यावर तो बराच वेळ खाली बघत राहिला आणि म्हणाला, “म्हणजे हिच्याकडं काही नसतंय.” हिच्याकडं काही नसतंय म्हणजे हिचा दोष नसतो. दोन मुलींनंतर पहिल्यांदा हे वाक्य त्या घरातल्या माणसाने तोंडाने उच्चारलं. मी त्यावर एक शब्दही वाढवला नाही. ‘बघणाऱ्या’ माणसाकडे कुणी गेलं नाही, एवढं मला खात्रीने माहीत आहे.

आता अ‍ॅडमिनचा मूळ प्रश्न. खेळ बंद करू का? ग्रुप पुन्हा मुका होईल.

अजिबात बंद करू नको म्हटलं. खेळात खोट नव्हती. फक्त ज्याचं उत्तर खेळ मांडणाऱ्या बाईच्या मुठीत आहे तेवढंच ओळखायला लाव. आणि लेकरांचे फोटो नकोत. ‘ओळखा हे कुणाचं बाळ’ हाही लाडका खेळ असतो, पण त्यात पाचव्या मिनिटाला रंगावर आणि नाकावर येतात, शिवाय फोटो एकदा गेला की कुठवर जाईल सांगता येत नाही.

मी सुचवलेला एक खेळ सपशेल पडला. आयांनी स्वतःच्या लहानपणची एक खरी आणि एक खोटी गोष्ट सांगायची, खोटी कोणती ते बाकीच्यांनी ओळखायचं. कुणी लिहिलंच नाही. दोन ओळी मराठी टाइप करायचा कंटाळा, दुसरं काही नाही. माणसाच्या मनात खोल कारणं शोधायची आम्हाला सवय असते.

चालला तो बोबड्या शब्दांचा खेळ. आपलं लेकरू एखाद्या वस्तूला काय म्हणतं तेवढं आईने बोलून पाठवायचं, वस्तू बाकीच्यांनी ओळखायची. ‘बुबू’ म्हणजे पाणी, ‘टटा’ म्हणजे ट्रॅक्टर, ‘मम्मम’ म्हणजे एका घरी भात आणि दुसऱ्या घरी आजी. इथं आई परीक्षेला बसलेली नसते, ती एकटीच जाणकार असते. एरवी प्रत्येकजण तिला शिकवत असतं. या खेळात ४० जणी तिच्या उत्तराची वाट बघतात. आणि याच खेळात एकीने लिहिलं, आमचा अडीच वर्षांचा झाला, अजून असा एकही शब्द नाही. अ‍ॅडमिनने ते ग्रुपवर वाढवलं नाही, तिला खाजगीत फोन केला आणि मला कळवलं. दोन वर्षांचं लेकरू साधारण दोन शब्द जोडून बोलायला लागतं, अडीच वर्षांत एकही शब्द नसेल तर ‘बाप पण उशिराच बोलला होता’ म्हणत थांबायचं नसतं. आधी कान तपासायचे. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्यामार्फत तो पुढे गेला. तपासण्या चालू आहेत.

सासूबाईंचं राहिलं. त्या बदलल्या असं मी म्हणणार नाही. पण संक्रांतीच्या सुमाराला सून ग्रुपवर परत आली आणि थोरल्या नातीने आजीचा आवाज पाठवला:

“आटंगण पाटंगण लाल लाल रान, अन् बत्तीस पिंपळांना एकच पान. वळखा.”

तोंड, दात आणि जीभ. पण बायकांना लवकर सुटेना. उखाणा म्हणजे नवऱ्याचं नाव घेणं एवढंच आपल्या लक्षात राहिलंय, मुळात उखाणा म्हणजे हेच, कोडं. आजीजवळ अशी पोतंभर निघाली. चूल-तव्याचं आलं, तीन पायांची तिपाई, वर बसला शिपाई. नारळाचं आलं. गुरुवारी आता आजीचा मान असतो आणि मोबाइल नात धरते, कारण आजीला बटण दाबता येत नाही. दोघी आधी उत्तर कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घेतात म्हणे.

उन्हाळ्यात, भर दुपारी, अ‍ॅडमिनचा फोन आला. “मॅडम, सुटली ती! काल रात्री. दोघं सुखरूप. वजन दोन किलो आठशे.”

“वा, छान.”

“अन् ओळखा पाहू काय…”

पुढं फोनवर नुसती शांतता. मग तिने जीभ चावल्याचं मला इकडे ऐकू आलं.