ओपन सोर्समध्ये मोठी पुल रिक्वेस्ट परत का पाठवतात?

प्रश्न: माझी दोन हजार ओळींची पुल रिक्वेस्ट (माझे बदल प्रकल्पाच्या कोडमध्ये घ्या, अशी विनंती) ‘तुकडे करून पाठवा’ म्हणून परत आली. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, आळशी असतात का?

उत्तर: आळशी नसतात, फुकट राबत असतात. दिवसभर नोकरी करून रात्री तुमचा कोड वाचणाऱ्यापुढे दोन हजार ओळी टाकल्या, की तो एकतर आज-उद्या करत राहतो, नाहीतर न वाचताच मर्ज करून, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळून, मोकळा होतो. दुसरं जास्त वाईट.

मी बेळगावचा. मराठी-कन्नड नावं-पत्ते साफ करणारी एक छोटी सॉफ्टवेअर लायब्ररी सांभाळतो. इथे एकाच माणसाचं नाव एका कागदावर कन्नडमध्ये, दुसऱ्यावर मराठीत, त्यामुळे या कामाला मरण नाही. खानापूरच्या एका मित्राने तीत पिनकोडची तपासणी घातली. खरं काम साठेक ओळींचं. पण जाता जाता पठ्ठ्याने सगळ्या फायलींवर फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप सारखी करणारं साधन) फिरवला, व्हेरिएबलची नावं बदलली आणि ‘न दिसणारी फालतू अक्षरं’ उडवणारी एक ओळही घुसडली. डिफ, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधला फरक, उघडला तर सगळं लाल-हिरवं. मोकळ्या जागांचे बदल लपवून बघितलं तेव्हा कुठे ती ओळ हाती लागली. त्या ‘फालतू’ अक्षरांत झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह, होता! जुन्या डेटात कितीतरी ठिकाणी अर्धा र त्याच्याच जोरावर उभा असतो. तो उडवला की कऱ्हाडेंचे ‘कर्हाडे’ होतात.

यावर मित्रसाहेब म्हणाले, ‘तू कोड बघालास की खुसपटं काढालास?’ त्याचं कायमचं म्हणणं, तुकडे करणारे नुसता आपल्या नावावरच्या पुल रिक्वेस्टचा आकडा वाढवतात. मी म्हटलं, फॉरमॅटर वेगळा, नावं वेगळी, पिनकोड वेगळा पाठव. पिनकोड त्याच संध्याकाळी मर्ज झाला.

लिनक्स कर्नलच्या (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) सूचनांतही हेच आहे: प्रत्येक वेगळा बदल वेगळ्या पॅचमध्ये (एकदम पाठवलेल्या बदलांच्या गठ्ठ्यात), आणि कोड हलवताना त्याच पॅचमध्ये तो बदलायचा नाही. गूगलच्या रिव्ह्यूच्या नियमांत १०० ओळी साधारण ठीक, १००० बहुतेक वेळा जास्तच. हे सगळे काय आकडा वाढवायला बसलेत? उद्या काही मोडलं तर गिट बायसेक्ट (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटची बिघाड शोधणारी कमांड) तुम्हाला नेमक्या कमिटपाशी, म्हणजे नोंदवलेल्या बदलापाशी, आणून सोडतं. तिथेच दोन हजार ओळी असतील तर बसा शोधत.

तुमचं काम झालेलंच आहे, तर नवी ब्रँच (कोडची वेगळी शाखा) काढा, ‘गिट रीसेट’ने केलेले कमिट मोडून बदल मोकळे करा आणि ‘गिट ॲड -पी’ने एकेक हंक (बदललेल्या ओळींचा तुकडा) निवडत कमिट करा. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे बिल्ड झाला पाहिजे, टेस्ट पास झाल्या पाहिजेत. अर्धवट फंक्शन पाठवून ‘पुढचं उद्या’ म्हणणं म्हणजे तुकडे करणं नव्हे. आपोआप तयार होणाऱ्या फायली मोठ्या असल्या तरी चालतात, फक्त त्या वेगळ्या ठेवा. काही प्रकल्पांना संपूर्ण फीचर एकत्रच हवं असतं, तेव्हा आधी इश्यू (प्रकल्पाच्या पानावर चर्चेची नोंद) उघडून विचारा.

आणि खानापूरकर, वाचत असलास तर: नावं बदललेल्या ब्रँचच्या टेस्ट अजून फेल होतायत.