बंद झालेले फ्लाय रॉड आणि त्यांची ओढ

प्रश्न : माझे आजोबा होळकर संस्थानात नोकरीला होते. महू छावणीतल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याने मायदेशी परतताना त्यांना दिलेला बांबूचा तीन तुकड्यांचा फ्लाय रॉड, म्हणजे कृत्रिम माशीचे आमिष फेकून मासे धरायची काठी, आमच्याकडे अजून आहे. सोबतच्या रेशमी लाईनच्या (फेकायच्या दोरीच्या) डबीवर ‘एचडीएच’ अशी अक्षरे आहेत. अमेरिकेत नोकरीला असताना मी स्वतः फायबरग्लासचा रॉड वापरला. ते मॉडेल कंपनीने केव्हाच बंद केले. यंदा भाच्याने कार्बनचा नवा रॉड आणून दिला. तो हलका आहे, लाईन दूरवर फेकतो, पण हाताला काही कळत नाही. हे उतारवयातले जुन्याचे वेड समजावे, की त्या रॉडमध्ये खरेच काही वेगळे होते? आणि आजोबांच्या रॉडला आज कोणती लाईन लावावी?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : वेड थोडे आहेच, पण त्याला आधारही आहे. आमिष म्हणून बांधलेल्या पिसांच्या माशीला वजन जवळजवळ नसते. फेकली जाते ती लाईन, आणि तिच्याच वजनाने रॉड वाकतो. तो कुठून वाकतो यावर सारी गंमत अवलंबून असते. बांबूचे आणि फायबरग्लासचे बहुतेक जुने रॉड मुठीच्या जवळपासपर्यंत वाकतात व सावकाश सरळ होतात, त्यामुळे वीस-पंचवीस फुटांच्या फेकीत, जेथे मोजकीच लाईन बाहेर असते, तेथेही तिचा भार मनगटाला जाणवतो. आजचा ताठ कार्बन रॉड मुख्यतः शेंड्याकडे वाकतो आणि त्याला पुरते वाकवायला बरीच लाईन बाहेर सोडावी लागते. आपल्या हाताला जे कळत नाही, ते यामुळे.

आता हे रॉड बंद का झाले ते पाहू. बांबूचे सहा त्रिकोणी पट्टे तासून चिकटवलेल्या रॉडसाठी एकोणिसाव्या शतकात कोलकात्याच्या बंदरातून जाणारा आपल्याकडचाच बांबू वापरत असत. पुढे दक्षिण चीनमधल्या टोंकिन बांबूने, त्याचे तंतू अधिक दाट असल्यामुळे, त्याची जागा घेतली. कोरियातील युद्ध सुरू झाल्यावर 1950 मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला, तेव्हा तिथल्या कारागिरांना नवा टोंकिन मिळेनासा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात आलेल्या फायबरग्लासला त्यामुळे मोकळे रान मिळाले. पोलादी निमुळत्या दांड्यावर काचतंतूंचे कापड गुंडाळून भट्टीत भाजायचे, एवढ्यावर रॉड तयार होत असेल, तर कित्येक तास पट्टे तासत बसणारा कारागीर किमतीत टिकणार कसा? 1973 मध्ये फेनविक कंपनीने कार्बनचा रॉड आणला आणि काही वर्षांतच फायबरग्लासवरही तीच पाळी आली.

इथवरचे बदल समजण्यासारखे आहेत. मला खटकते ते पुढचे. कार्बनमध्येही सेज कंपनीच्या ‘लाइट लाइन’सारखे मऊ, जवळच्या फेकीचे रॉड निघाले होते आणि आज लोक ते जुन्या बाजारात शोधत फिरतात. तेही मागे पडले, आणि त्याला कच्च्या मालाची टंचाई कारण नव्हती. दर काही वर्षांनी दुकानात नवे नाव लागते, आणि गिऱ्हाईक रॉड पारखतो तो दुकानामागच्या हिरवळीवर, जिथे सत्तर फूट फेकणारा रॉडच बाजी मारतो. ओढ्यावर सत्तर फूट फेकायची वेळ किती जणांवर येते?

तरीही जुने ते सारे सोने नव्हे. आठ फुटी बांबूचा रॉड साधारण सव्वाशे ग्रॅमचा भरतो, तर नऊ फुटी कार्बन ऐंशीच्या आसपास. दुपारपर्यंत हा फरक खांद्याला कळतो. शिवाय मोठा मासा बराच वेळ ओढत राहिला, की बांबूला कायमचा बाक येतो.

लाईनविषयी. डबीवरची अक्षरे जाडीची आहेत : ‘एच’ म्हणजे इंचाचे 25 सहस्रांश, ‘डी’ म्हणजे 45, दोन्ही टोके बारीक, मधला भाग जाड. रेशीम प्लास्टिकपेक्षा जड असते, म्हणून त्याच जाडीची आजची लाईन घेतली तर ती हलकी पडते. 1961 पासून क्रमांक वजनावर, म्हणजे पहिल्या तीस फुटांच्या भारावर ठरतात. त्या हिशेबाने ‘एचडीएच’ला दोन्हीकडे निमुळती सहा क्रमांकाची लाईन, म्हणजे सुमारे 10.4 ग्रॅम, जुळते. रॉड जुना असल्यामुळे मी आधी पाच क्रमांकाने सुरुवात करीन. नर्मदेतला महाशीर हा आपल्या प्रदेशाचा राज्य-मासा असून त्याच्या ताकदीपुढे हा रॉड टिकणार नाही, तेव्हा तो नाद नको. तलावावर जाण्याआधी परवानगी घ्यावी, आणि मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट हा बंदीचा काळ आहे हे लक्षात ठेवावे.

प्रश्न : वडिलांच्या बांबूच्या रॉडचे दोन तुकडे धातूच्या सांध्यात घट्ट अडकले आहेत. तेल सोडून पिळून काढावेत का? वार्निशही उडाले आहे.
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : पिळू नका, पिळल्याने पट्ट्यांमधला सरस सुटतो. सांध्यावर काही वेळ बर्फ धरा आणि दोघांनी समोरासमोर उभे राहून, तारेच्या कड्यांना हात न लावता, सरळ रेषेत ओढा. तेलाने धूळ धरते, म्हणून ते टाळा. तुकडे सुटल्यावर प्रत्येक तुकडा सहाही बाजूंनी हलकेच वाकवून कानाजवळ धरा. ‘टक’ असा आवाज आला, तर पट्टे सुटलेले आहेत आणि रॉड वापरू नये. वार्निशसाठी कागद घासण्यापूर्वी मुठीच्या वर शाईने लिहिलेले कारागिराचे नाव शाबूत आहे का ते पाहा. ते असेल तर तेवढा भाग तसाच सोडा. पावसाळ्यात ओलसर पिशवीसकट धातूच्या नळीत बंद केल्यास वार्निशला फोड येतात, म्हणून तुकडे कोरड्या कापडी पिशवीत घालून कपाटात उभे टांगावेत.