वेगवेगळ्या टाइमझोनमध्ये विखुरलेल्या रिमोट टीमचे निर्णय रखडू नयेत म्हणून टीमप्रमुखाने काय करावे?

आपण लिहिले आहे की आपली टीम पुणे, पोलंडमधले वॉर्सा आणि अमेरिकेतले पोर्टलंड (ओरेगन) अशा तीन ठिकाणी आहे, रोजची मीटिंग बंद केल्यावर सगळ्यांना हायसे वाटले, पण निर्णय मात्र आठवडा आठवडा अडकून पडू लागले, आणि म्हणून मीटिंग पुन्हा सुरू करावी का, असा आपला प्रश्न आहे. मी स्वतः बरीच वर्षे पुण्यातून अशाच टीमचे काम पाहते आहे. माझे उत्तर असे की मीटिंग सुरू करू नये, पण मीटिंगमध्ये जे न सांगता होत होते ते आता लिहून ठरवावे. समोरासमोर बसलेले असताना कोणी हरकत घेतली नाही की मान्यता आहे असे सगळेच धरून चालतात. लेखी चर्चेत मात्र गप्प बसण्याचा अर्थ लागत नाही. समोरच्याने वाचलेच नाही, वाचले पण पटले नाही, की पटले म्हणूनच काही लिहिले नाही? हा अर्थ आधी ठरवून देणे हे टीमप्रमुखाचे पहिले काम आहे, आणि बहुतेक ठिकाणी नेमके तेच राहून जाते.

ज्यांचे काम मुळातच असे चालते, त्यांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे. १९९९ साली स्थापन झालेल्या अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन या ओपन सोर्स सॉफ्टवेअर बनवणाऱ्या संस्थेच्या प्रकल्पांत जगभरचे लोक काम करतात. तिथे मतदान साधारणपणे किमान ७२ तास खुले ठेवतात, म्हणजे कोणी कुठल्याही टाइमझोनमध्ये असला तरी त्याला मत नोंदवता येते. रोजच्या लहानसहान बाबींत कोणी हरकत घेतली नाही तर संमती गृहीत धरली जाते, आणि कोडमधला एखादा बदल अडवायचा असेल तर तांत्रिक कारण द्यावेच लागते. शिवाय जे ठरायचे ते प्रकल्पाच्या ईमेल यादीवरच ठरायला हवे, असा तिथला दंडक आहे. दोघांनी फोनवर काही ठरवले तरी ते तिथे मांडल्याशिवाय निर्णय होत नाही. आपल्या टीमला एवढा औपचारिकपणा लागणार नाही, पण मुदत, कारण आणि एकच जागा या तीन गोष्टी जशाच्या तशा उचलण्यासारख्या आहेत.

प्रत्यक्षात फरक कसा पडतो ते पाहा. ‘रिफंडचे काय करायचे, कोणी बघेल का?’ असा मेसेज ग्रुपवर पडला की तो सगळ्यांचा होतो, म्हणजे कोणाचाच राहत नाही. तोच मंगळवारी सकाळी असा लिहिता येतो: ‘जुन्या ग्राहकांचे रिफंड नव्या सिस्टिमवर नेण्याचे दोन मार्ग आहेत. मी पहिला सुचवतो, कारण त्यात जुना डेटा हलवावा लागत नाही. तोटा असा की महिनाभर दोन्ही सिस्टिम चालू ठेवाव्या लागतील. शुक्रवारी भारतीय वेळेनुसार सकाळी दहापर्यंत हरकत आली नाही, तर त्याच दिवशी काम सुरू करतो. निर्णयाची जबाबदारी माझी.’ यात पोर्टलंडच्या माणसाला मंगळवार ते गुरुवार असे त्याचे पूर्ण तीन दिवस मिळतात. उन्हाळ्यात पोर्टलंड आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते, हिवाळ्यात साडेतेरा. म्हणजे आपण सकाळी अकराला विचारलेला प्रश्न तिकडे कामाच्या वेळी उघडतो तेव्हा इथे रात्र झालेली असते, आणि त्यात एक तपशील राहिला असेल तर तो मागण्यात नि देण्यात आणखी पूर्ण दिवस जातो. म्हणूनच वाचणाऱ्याला उलट काहीही विचारावे लागू नये, इतके पूर्ण लिहिण्याची सवय मी टीममध्ये आग्रहाने लावते, आणि त्यासाठी लागणारा अर्धा तास कामाच्या वेळेतच धरते.

प्रत्येक निर्णयाला एकच नाव असावे, हे वेगळे सांगायला नको. पूर्णपणे रिमोट चालणाऱ्या गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीने आपली कामाची पद्धत सर्वांना वाचता येईल अशा हँडबुकमध्ये लिहून ठेवली आहे. त्यातला एकाच थेट जबाबदार व्यक्तीचा भाग जरूर वाचा.

मला याहून अवघड वाटते ती आपल्या इकडची एक अडचण. पुण्यातली नवी मुले टीमच्या चॅटमधल्या उघड चॅनेलवर, म्हणजे सगळ्यांना दिसेल तिथे, प्रश्न विचारत नाहीत. ती एखाद्या सिनियरला व्हॉट्सअ‍ॅपवर गाठतात, उत्तर मिळवतात, आणि ती माहिती तिथेच राहते. यामागे आळस नसतो. आपले इंग्रजी चुकेल, किंवा ‘एवढेही माहीत नाही?’ असे कोणी म्हणेल, याची धास्ती असते. त्यांना नियम सांगून ही धास्ती जात नाही. टीमप्रमुखाने स्वतःचे प्रश्न, अगदी साधेसुद्धा, उघड विचारावेत. खासगीत आलेल्या प्रश्नाचे उत्तर, विचारणाऱ्याला सांगून आणि त्याचे नाव न घेता, चॅनेलवर द्यावे. आणि मोडक्या इंग्रजीत लिहिलेल्या चांगल्या प्रस्तावाचे सगळ्यांदेखत कौतुक करावे. वरिष्ठाला थेट ‘नाही’ म्हणणे आपल्याकडे जड जाते, म्हणून ‘सगळ्यांना मान्य आहे ना?’ असे न विचारता ‘यात काय बिघडू शकते?’ असे विचारावे. त्यावर लोक मोकळेपणाने लिहितात. रात्री अकराला सुचलेला मेसेज सकाळी नऊसाठी शेड्यूल करावा, कारण प्रमुखाचा रात्रीचा मेसेज घरी बसलेल्या माणसाला हुकमासारखाच वाटतो.

काही गोष्टी मात्र लिहून करूच नयेत. कोणाच्या कामाबद्दलची नाराजी, दोघांमधला वाद, चालू सिस्टिम कोसळणे, आणि नव्या माणसाचे पहिले काही आठवडे, यांसाठी सरळ कॉल करावा. एखाद्या लेखी चर्चेच्या धाग्यात तेच दोघे तिसऱ्यांदा तेच मुद्दे मांडू लागले की मी त्यांना फोनवर बोलायला सांगते आणि ठरलेले चार ओळींत परत तिथेच लिहून घेते.

आठवड्याची एक मीटिंग ठेवायला हरकत नाही, पण तिची वेळ आलटून पालटून बदलावी. नाहीतर रात्री साडेनऊचा कॉल कायम भारतातल्यांच्याच वाट्याला येतो आणि त्याबद्दल कोणी तक्रारही करत नाही. सध्या अडकलेल्या निर्णयांपैकी सर्वांत जुने दोन घ्या, प्रत्येकाला एक नाव आणि एक मुदत द्या, आणि वर दिलेल्या धर्तीवर ते उद्याच टीमसमोर मांडा.