नाटकात प्राणी करायला गेलो की प्रेक्षक हसतात. फिजिकल थिएटरमध्ये, म्हणजे शरीराच्या हालचालींतून उभ्या राहणाऱ्या नाटकात, प्राण्याची सहजप्रवृत्ती अंगात आणायची कशी, आणि त्याला किती दिवस लागतात?

हसतात, कारण तुम्ही प्राणी ‘दाखवताय’. गुरगुरायचं, बोटांच्या नख्या करायच्या, जीभ बाहेर काढायची. खरा लांडगा बराच वेळ नुसता चालतो, थांबतो, हुंगतो, पडून राहतो.

माझा राग आहे तो ‘डोकं बंद करा, आतलं जनावर बाहेर येऊ द्या’ या सूचनेवर. दिवे मंद, ढोल जोरात आणि सगळा संच जमिनीवर लोळतोय. यातून माणसाच्या डोक्यातलं जनावर तेवढं बाहेर येतं. सगळे वाघ होतात, शेळी व्हायला कुणी तयार नसतं. मांजर उडीआधी मागचे पाय नीट रोवते, अंतर जोखते आणि पुष्कळदा उडीच मारत नाही. ताकद राखून ठेवणं हीसुद्धा सहजप्रवृत्तीच आहे, आणि ती ढोलावर सापडत नाही.

सुरुवात चालीपासून करा. गुडघे टेकून रांगू नका, प्रेक्षकाला बाळ दिसतं. तळहात खांद्यांखाली, गुडघे कमरेखाली, पायाची बोटं दुमडून टेकवलेली. आता गुडघे जमिनीपासून चार बोटं उचला, जास्त नाही. आपले पाय हातांपेक्षा लांब आहेत. गुडघे सरळ केले की ढुंगण वर जातं, भार पुढे सरकतो आणि मनगटं कामातून जातात. हाताची बोटं पसरा, दाब तर्जनीच्या आणि अंगठ्याच्या मुळाशी ठेवा, तळव्याच्या मागच्या कडेवर लटकू नका. नजर हातभर पुढे, जमिनीवर. मान वर करून समोर बघत राहिलात तर दुसऱ्या दिवशी ती वळणार नाही. २ मिनिटं चाल, मग उभं राहून मनगटं झटका. असे ४-५ फेरे पुरे.

पावलांचा क्रम असा: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. मांजर, कुत्रा, घोडा सावकाश चालताना याच क्रमाने चालतात. माणूस रांगताना डावा हात आणि उजवा गुडघा जोडीने हलवतो, आणि नटाचं शरीर नकळत तिकडेच घसरतं. ती तिरकी जोडी दुडक्या चालीची. ४ मात्रा मोठ्याने मोजा. आधी भार सरकवा, मगच पाऊल उचला. पाय त्याच बाजूच्या हातावर आपटत असेल तर पाऊल लांब पडतंय, किंवा हात उशिरा सुटतोय. पाऊल आखूड करा, किंवा पाय हाताच्या थोडा बाहेरून टाका. क्रम न मोजता चालायला लागेपर्यंत चेहऱ्याला काही करायला सांगू नका.

मग इंद्रिय बदला. कुत्रा करताना आधी नाक वळू द्या, मागून मान, मग खांदे, शेवटी कंबर. घोड्याचे, हरणाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, मान न वळवता त्यांना जवळजवळ चहूकडचं दिसतं. आपले डोळे समोर, शिकाऱ्यासारखे. त्याच रोखलेल्या नजरेने आपण हरीण करतो आणि ते खोटं पडतं. नजर सैल सोडून कडेचं बघायचा सराव करा. जोडीदाराला मागे उभं करून काठी आपटायला सांगा. आवाज आला की डोकं वळवायचं नाही: आधी श्वास थांबतो, मग भार आवाजाच्या विरुद्ध बाजूच्या पायावर जातो, मग पळ. हा क्रम उलटला की प्रेक्षक हसतोच.

फ्रेंच नाट्यशिक्षक झाक लकॉकने १९५६ साली पॅरिसमध्ये शाळा काढली. तिथल्या प्राण्यांच्या अभ्यासाचा रोख शेवटी माणसाच्या पात्राकडे असतो. पोलिश दिग्दर्शक ग्रोटोव्हस्कीच्या ‘मांजर’ व्यायामाचंही तसंच, तो पाठीच्या कण्यासाठी आहे. लोक तो म्याँव करत करतात, त्याला काय म्हणावं! म्हणून प्राणी अंगात बसला की तो १० पासून खाली, आकड्याआकड्याने उतरवत आणा. १० म्हणजे चार पायांवर पूर्ण प्राणी. ५ वर दोन पायांवर, पण कणा आणि नाक त्याचंच. २ वर खुर्चीत बसलेला माणूस, श्वास आणि नजर तेवढी उरलेली. तुमचं नाटक बहुधा ३ च्या आसपास उभं राहील.

किती दिवस? रोज २० मिनिटं केलंत तर चाल २-३ आठवड्यांत बसते. पुढचं तुमच्या भूमिकेवर आहे, आणि ती कोणती ते तुम्ही कळवलेलं नाही.

हे आधी सांगायला हवं होतं: मनगट किंवा गुडघा आधीच दुखत असेल तर कोपर टेकून करा, नाहीतर सरळ ५ पासून सुरुवात करा. पाय अनवाणी हवेत, सरकणारी सतरंजी नको. आवाज सगळ्यात शेवटी, तोही श्वासातून येईल तेवढाच. आणि दिग्दर्शकाने ढोल आणलाच, तर त्याच्याकडून आधी पावलांच्या ४ मात्रा वाजवून घ्या.