माऊस त्यांच्याच हातात दे

सांगली

पोरी,
अनेक आशीर्वाद.

गावच्या वाचनालयात तू रुजू झालीस, दोन कॉम्प्युटर आले, इंटरनेटही जोडलं, हे ऐकून फार बरं वाटलं. मानधन तुटपुंजं आहे. ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला अनुदान किती मिळतं ते मी जन्मभर पाहिलंय. तरी तू हे काम घेतलंस, म्हणून लिहायला बसलो.

पहिल्याच आठवड्यात लोक कागद घेऊन येतील. सातबारा काढून दे, पोराचा फॉर्म भरून दे, आईच्या हयातीच्या दाखल्याचं बघ. तुझी बोटं भराभर चालतात, पाच मिनिटांत उरकशील. पण उरकू नकोस. काम करून द्यायला सेतू केंद्र आहे, तिथल्या माणसाचं पोट त्यावर चालतं. वाचनालयातून माणूस शिकून गेला पाहिजे. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत एकदा स्वतः काढला, की तोच माणूस पुढच्या खेपेला भावकीतल्या कुणाला तरी सोबत घेऊन येतो.

याला वेळ लागतो. माझ्याकडे द्राक्षबागेतले एक आजोबा यायचे. एकदा माऊस सरकवत सरकवत टेबलाच्या कडेपर्यंत गेले आणि थांबले. बाण अजून पडद्याच्या मध्यावरच. म्हणाले, “आता पुढं कुठं नेऊ?” माऊस उचलून परत मागे ठेवता येतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगावं लागतं हे मलाही कधी सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून मी शेजारी खुर्ची घेऊन, स्वतःचे हात मांडीवर ठेवून बसू लागलो. तूही तशीच बस. अक्षरं शोधताना कुणी दमलं, तर मोबाईलवर मराठीत बोलून लिहायची सोय दाखव. आधारवरचं नावाचं इंग्रजी स्पेलिंग मात्र अक्षर न् अक्षर जुळवून घ्यायला लाव. कितीतरी अर्ज तिथंच अडकतात.

आता माझी एक चूक सांगतो. सोयीचं पडतं म्हणून मी सभासदांचे पासवर्ड एका वहीत लिहून ठेवायचो. वही टेबलावर उघडी राहिली आणि कुणीतरी एका मुलीच्या प्रवेश अर्जातला कॉलेजांचा पसंतीक्रम बदलला. तिला हवं ते कॉलेज गेलं. मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली, पण तिचं नुकसान काही भरून आलं नाही. म्हणून कुणाचा पासवर्ड लिहून घेऊ नकोस, ओटीपी मोठ्यानं वाचू देऊ नकोस. माणूस उठला की तो खात्यातून बाहेर पडला (लॉग-आउट झाला) का ते बघ आणि डाऊनलोडमध्ये राहिलेले आधारचे, सातबाराचे कागद त्याच्यासमोरच पुसून टाक. कुणी फसलंच, तर घाबरून घरी जाऊ देऊ नकोस. तिथल्या तिथं सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावायला सांग. जितक्या लवकर कळवू, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

2019 चा ऑगस्ट तुला आठवत असेल. कृष्णा घरात शिरली होती आणि मोबाईलवर कुठलेकुठले व्हिडिओ फिरत होते. इर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा आणि 45 ला धोका, हे आपल्याकडं पोरांनाही पाठ असतं. पण हातातला मेसेज आजचा की जुना, हे भल्याभल्यांना ओळखता येत नव्हतं. वर्तमानपत्र उघडल्यावर आपण आधी तारीख बघतो ना, तीच सवय मोबाईलला लावायची. पावसाळ्याआधी एक संध्याकाळ फक्त यासाठी ठेव: कोयनेतून किती क्युसेक सोडलं, हे जलसंपदा विभागाच्या माहितीत कसं बघायचं.

आणि मुलांना विश्वकोश उघडून दाखव. शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या वाईत घडलेले ते 20 खंड आता फुकट वाचता येतात. आपल्या कपाटात ते सगळे कधीच मावले नसते.

बायका येत नाहीत म्हणतेस. कॉम्प्युटर वर्तमानपत्रांच्या टेबलासमोर आहेत ना? तिथं बसलेल्या दहा पुरुषांना पडदा दिसत असेल, तर कुठली बाई आपलं पासबुक उघडेल? दुपारी दोन ते चार ही वेळ त्यांच्यासाठी राखून ठेव आणि पडदे भिंतीकडच्या बाजूला वळव. टेबलं जड आहेत, एकटीनं ओढू नकोस. गुरुवारी मी येतोय, दोघं मिळून फिरवू.

तुझे,
काका